आरंभशूराची गिटार

मनुष्यस्वभावांतील दोषांसाठीं आपल्या भाषेनें जे मार्मिक शब्द घडविले आहेत, त्यांत 'आरंभशूर' ह्या शब्दाची गणना करावी लागेल. भ्याड मनुष्यास नांवें ठेवणें सोपें असतें. पण जो पहिल्या दिवशीं सर्वांच्या पुढें धांवतो आणि तिसऱ्या आठवड्यांत कोठें दिसेनासा होतो, त्याला धड भ्याडही म्हणतां येत नाहीं आणि शूरही म्हणतां येत नाहीं. त्याच्यासाठीं हा शब्द. ह्याचा अर्थ आम्ही अनेक वर्षें वर्गांत सांगत आलों. परंतु तो आम्हांस खरोखर समजला तो वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, सहा तारांच्या एका वाद्यापासून. त्या शिक्षणाची हकीकत आमच्या विद्यार्थिवाचकांपुढें मांडावी, असें पुष्कळ दिवस मनांत होतें. ती फारशी गौरवाची नाहीं. कदाचित् म्हणूनच उपयोगी पडेल.

आमच्या मंडळींतील मुलें नाताळच्या अगोदरच्या आठवड्यांत घरोघर गीतें गात फिरतात. पेटी उचलून अंधाऱ्या गल्ल्यांतून हिंडणें अवघड, म्हणून एक तरुण गिटारीवर साथ करीत असे. तो नोकरीनिमित्त पुण्यास गेला आणि त्या वर्षीं मुलें साथीवांचून गायिलीं. कोणी सूर वर धरला, कोणी खालीं. शेवटच्या घरीं तर एकाच वेळीं तीन निरनिराळीं गीतें चाललीं आहेत कीं काय, असा भास झाला. चहाच्या वेळीं आम्हांस स्फुरण चढलें. उभे राहून आम्हीं जाहीर केलें कीं, "पुढच्या नाताळांत साथ आम्ही करूं." मुलांनीं टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्या ऐकून काम निम्मेंअधिक झालेंच, असें आम्हांस वाटलें. पुढें विचार करितां असें दिसून आलें कीं, संकल्प बोलून दाखविल्यावर जें समाधान मिळतें, तेंच पुष्कळदां संकल्पाचें भांडवल खाऊन टाकतें.

मे महिन्याच्या सुटींत मुंबईस जाणें झालें, तेव्हां धोबी तलावाजवळच्या वाद्यांच्या दुकानांत आम्ही शिरलों. दुकानदारानें एक गिटार खालीं काढली, खुंट्या पिळून सुरांत लावली, आणि दोन मिनिटें अशी वाजविली कीं, हें काम दोन मिनिटांचेंच आहे, असा आमचा समज झाला. घरीं येईपर्यंत आम्हीं ती मांडीवरून खालीं ठेविली नाहीं.

पहिला पंधरवडा कुतूहलावर निघाला. वाद्याची रचनाच मोठी मनोरंजक आहे. तारेची मोकळी लांबी सुमारें ६५ सेंटिमीटर असते. बारावा पडदा तिच्या बरोबर मध्यावर येतो, व तेथें तार दाबली असतां तोच स्वर वरच्या सप्तकांत ऐकूं येतो. मधले पडदे एकाच ठराविक प्रमाणानें बसविलेले असल्यामुळें घोडीकडे जावें तसतसें त्यांतील अंतर कमी कमी होत जातें. आम्हीं पट्टी घेऊन मापें मोजलीं व तीं वहींत टिपून ठेविलीं. आमच्या घरांतून तेव्हां विचारणा झाली कीं, "वाजविणें केव्हां सुरू होणार?" ह्या प्रश्नाचा आम्हांस थोडा रागच आला.

पुढें वाजविणें सुरू झालें आणि डाव्या हाताचीं बोटें दुखूं लागलीं. आमच्या गिटारीच्या तारा पोलादी होत्या. पूर्वी आंतड्याच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनच्या तारा प्रचारांत आल्या, व त्या बोटांस पोलादापेक्षां पुष्कळ सौम्य असतात. हें आम्हांस मागाहून कळलें. बोटांच्या टोकांस घट्टे पडेपर्यंत कांहीं आठवडे जावे लागतात, आणि ते रोज थोडें थोडें वाजविल्यानेंच पडतात. आम्हीं रविवारीं दोन तास वाजवून सोमवार ते शनिवार विश्रांति घेण्याची पद्धत पत्करली होती. त्यामुळें दर रविवारीं दुःख मात्र नवें होई आणि घट्टा कांहीं पडेना.

तरीही दुखणें सोसवलें. सोसवला नाहीं तो 'एफ्'. एकाच वेळीं अनेक तारा छेडून स्वरांचा जो मेळ काढतात, त्यास गिटारवाले 'कॉर्ड' म्हणतात. त्यांपैकीं एफ् नांवाच्या कॉर्डसाठीं तर्जनी अगदीं पहिल्या पडद्यावर सहाही तारांवर आडवी निजवावी लागते, आणि नेमक्या त्याच जागीं तारा दाबण्यास अधिक जोर लागतो. आम्हीं जें गीत शिकण्याचें ठरविलें होतें, तें आमच्या पुस्तकांत 'पांढरी एक' पट्टींत दिलेलें होतें, व त्या पट्टींत एफ् टाळतां येत नाहीं. एक महिना आमच्या एफ्मधून स्वर न निघतां लांकडावर बोटें आपटल्याचा आवाज तेवढा निघे.

येथें आम्हीं ती युक्ति केली, जी आजकालचा प्रत्येक आरंभशूर करितो. वाजविणें थांबवून आम्ही वाजविण्यासंबंधीं पाहूं लागलों. मोबाइलवर गिटार शिकविणाऱ्यांस तोटा नाहीं. एक म्हणे, अंगठा असा ठेवा. दुसरा म्हणे, तसा मुळींच ठेवूं नका. रोज रात्रीं अर्धा तास आम्ही हे पाठ पाहत असूं, आणि झोंपतांना आज अभ्यास झाला, असें समाधान मानीत असूं. पोहण्याच्या कृतीचें पुस्तक वाचून कोणी नदी पार करीत नाहीं, हें दुसऱ्यास सांगण्याइतके शहाणे आम्ही होतों. ऑगस्टच्या पावसांत तारांस गंज चढला. तें निमित्त पुरे झालें. जुन्या चादरींत गुंडाळून गिटार कपाटावर गेली.

नाताळ आला. मुलें पुन्हा साथीवांचून गायिलीं. गेल्या वर्षीच्या वचनाचें कोणीही नांव काढलें नाहीं. मोठ्यांनीं सौजन्यानें काढलें नाहीं, आणि मुलांनीं बहुधा मोठ्यांच्या वचनांची संवय झाल्यामुळें काढलें नाहीं. ह्यांतील दुसरें कारण आम्हांस अधिक लागलें. धन्याचे रुपये जमिनींत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दृष्टांत आम्हीं शब्बाथशाळेंत कितीदां शिकविला असेल! त्या दासानें निदान भीतीनें पुरले होते. आम्हीं तर कंटाळ्यानें चादरींत गुंडाळले.

आतां जें सांगावयाचें, तें सांगतांना आम्हांस लाज वाटते. पण तें गाळलें, तर ह्या लेखांत अर्थ राहणार नाहीं. जानेवारींत आम्ही नववीच्या वर्गावर इंग्रजी वाचन घेत होतों. शेवटच्या बांकावरील एक मुलगा वाचावयास उभा राहिला. तो चार शब्द वाची व थांबे. पुन्हा दोन वाची व थांबे. वर्षभर हेंच चाललें होतें. आमचा धीर सुटला व आम्ही सर्वांदेखत बोललों, "इतर मुलें आरंभशूर तरी असतात, तूं तर आरंभशूरसुद्धां नाहींस!" वर्ग हंसला. मुलगा खालीं बसला.

तास सुटल्यावर तो वही द्यावयास टेबलाशीं आला. वही ठेवून तो तेथेंच उभा राहिला आणि म्हणाला, "सर, गिटार फार कठीण असते का?"

आम्हीं त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलें. उद्धटपणा शोधला, तो नव्हता. तो पुढें म्हणाला, "पावसाळ्यांत मी दूध घालायला यायचों तेव्हां तुमच्या खिडकीखालीं थांबायचों. मग आवाज यायचा बंद झाला."

आम्हांस खरें बोलण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. आम्ही म्हणालों, "होय बाळ, फार कठीण असते. प्रत्येक कॉर्ड कसा धरायचा, तें मला ठाऊक आहे. पण एकावरून दुसऱ्यावर जातांना बोटें वेळेवर पोंचत नाहींत."

तो लगेच म्हणाला, "मला वाचतांना तसेंच होतें, सर. अक्षरें ओळखतां येतात, पण एकामागून एक पटपट येत नाहींत."

वीस वर्षें आम्ही शिकविण्याचा धंदा करीत आहों. शिक्षणशास्त्राची पदवी आमच्याजवळ आहे. परंतु ज्या मुलाचें मन वाचनांत नाहीं असें आम्ही समजत होतों, त्याची खरी अडचण काय आहे, हें त्यानें आम्हांस दोन वाक्यांत सांगितलें. आणि तें आम्हांस समजलें तें पदवीमुळें नव्हे, तर कपाटावरील त्या फसलेल्या वाद्यामुळें. मनुष्य ज्या विषयांत प्रवीण असतो, त्यांत पहिली पायरी किती उंच होती, तें तो विसरून जातो. म्हणून प्रत्येक शिक्षकानें दर कांहीं वर्षांनीं आपणांस मुळींच न येणारी एखादी गोष्ट शिकावयास घ्यावी, असें आमचें मत झालें आहे.

त्याच दिवशीं आम्ही दोघांनीं एक करार केला. शाळा सुटल्याची घंटा झाली कीं कोपऱ्यावरील रिकाम्या वर्गांत वीस मिनिटें बसावयाचें. दहा मिनिटें त्यानें वाचावयाचें, दहा मिनिटें आम्हीं वाजवावयाचें. एकमेकांस हंसावयाचें नाहीं, आणि विचारल्यावांचून उपदेश करावयाचा नाहीं. ह्यांतील दुसरी अट आम्हांस फार जड गेली.

गिटार कपाटावरून खालीं आली. नव्या तारा चढविल्या, आणि रात्रीं ती दिवाणखान्यांत खुंटीवर उघडी टांगली. हा बदल लहान दिसतो. पण जें वाद्य काढावयास खुर्चीवर चढावें लागतें, तें थकलेला मनुष्य काढीत नाहीं, आणि जें जातां येतां हाताला लागतें, त्याच्या तारा तो सहज छेडून पाहतो.

दुसरा बदल गीताच्या बाबतींत झाला. आमच्या नाताळच्या फेरींत जें गीत हटकून गायिलें जातें, त्या 'शांत रात्र' गीताचा इतिहास आम्हीं मुद्दाम वाचून काढला. ऑस्ट्रियांतील ओबर्नडॉर्फ गांवीं योसेफ मोहर नांवाचे २६ वर्षांचे एक सहायक धर्मगुरु होते. इ. स. १८१६ सालीं लिहिलेली आपली एक कविता त्यांनीं १८१८ च्या डिसेंबरच्या २४ तारखेस फ्रांट्स ग्रूबर ह्यांच्या हातीं दिली, आणि दोन आवाजांसाठीं व गिटारीच्या साथीसाठीं तिला चाल लावावी, अशी विनंति केली. ग्रूबर हे जवळच्या आर्न्सडॉर्फ गांवीं शाळामास्तर होते! त्याच रात्रीं मंदिरांत तें गीत प्रथम गायिलें गेलें. मोहर ह्यांनीं गिटार वाजविली. आज जगांतील मोठमोठीं वाद्यवृंदें जें वाजवितात, तें मुळांत एका गिटारीसाठीं रचलेलें आहे, आणि तें रचणारा आमच्याच धंद्यांतील एक माणूस होता, हें कळल्यावर आमचा वाद्याशीं झालेला अबोला सुटला.

ह्यांत आमच्या कामाची एक गोष्ट निघाली. मोहर ह्यांच्या हस्ताक्षरांतील त्या गीताची एक प्रत १९९५ सालीं उजेडांत आली. ती 'डी' म्हणजे पेटीवाल्यांच्या 'पांढरी दोन' पट्टींत आहे. ह्या पट्टींत हें गीत डी, जी व ए-सेव्हन ह्या तीन सोप्या कॉर्डांवर उभें राहतें; एफ् मध्यें येतच नाहीं. ताल सहा मात्रांचा, आपल्या दादऱ्याच्या नात्यांतला. म्हणजे ज्या भिंतीवर आम्ही महिनाभर डोकें आपटून घेतलें, ती आमच्या वाटेवर नव्हतीच! अडचण दिसली कीं ती फोडलीच पाहिजे, असा हट्ट कित्येकदां अभिमानाचा असतो. आधीं जवळची वाट चालून पाहावी; पायांत बळ आल्यावर भिंतीकडे वळावें. त्या मुलासही आम्हीं नववीचें पुस्तक बाजूस ठेवून सहावीचें दिलें. त्यांत त्याला कमीपणा वाटूं नये म्हणून, आम्हीही सोपी पट्टी घेतली आहे, असें त्यास सांगितलें.

तिसरी गोष्ट वहीची. एका मिनिटांत डीवरून ए-सेव्हनवर व परत किती वेळां नीट जातां येतें, तें आम्ही मोजूं लागलों. पहिल्या दिवशीं आंकडा ९ आला. मुलगा एका मिनिटांत किती शब्द न थांबतां वाचतो, तें आम्ही शेजारच्या रकान्यांत लिहीत असूं. महिन्याअखेर आमचा आंकडा २२ झाला, आणि मग तेथेंच अडकला. तीन आठवडे तो २२ व २५ ह्यांच्यामध्यें घुटमळत होता. एका सोमवारीं तर तो १८ वर उतरला. त्या मुलाचेंही तसेंच झालें होतें.

आरंभशूराचा खरा मृत्यु ह्याच ठिकाणीं होतो. पहिले कष्ट त्याला मारीत नाहींत, कारण ते नवे असतात. कष्ट चालू असून फळ थांबलें, म्हणजे तो खचतो. अशा वेळीं आम्हांस हर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा मोठा आधार वाटला. निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून त्यानें स्मृतीवर प्रयोग केले व १८८५ सालीं ते प्रसिद्ध केले. एकाच बैठकींत केलेल्या आवृत्तींपेक्षां अनेक दिवसांवर वांटलेल्या आवृत्ति अधिक टिकतात, असें त्यास दिसून आलें. म्हणजे आमची रविवारची दोन तासांची तपश्चर्या वाया कां गेली, आणि रोजचीं दहा मिनिटें हळूहळू कां मुरत गेलीं, ह्याचा उलगडा झाला.

परंतु प्रामाणिकपणें सांगावयाचें तर त्या तीन आठवड्यांत आम्हांस एबिंगहाउसनें तारलें नाहीं. आम्हांस कंटाळा आला, त्या दिवशींही आम्ही कोपऱ्यावरील वर्गांत गेलों, कारण तो मुलगा तेथें येऊन बसला असेल, हें आम्हांस ठाऊक होतें. पुढें एकदां त्यानेंच सांगितलें कीं, तोही पुष्कळदां घरीं पळून जाणार होता. पण 'सर वाट पाहतील' म्हणून आला. तो येईल म्हणून आम्ही गेलों, आणि आम्ही येऊं म्हणून तो आला. उत्साह हा पाहुणा आहे. तो आला तर आनंद, पण त्याच्या भरंवशावर घर चालत नाहीं. घर चालतें तें रोज कोणी तरी आपली वाट पाहत असल्यामुळें.

एप्रिलमध्यें तो आंकडा अचानक हलला. ३१ झाला, मग ३६. कारण कांहींच विशेष घडलें नव्हतें. फळ थांबलें होतें असें आम्ही समजत होतों, तेव्हां तें केवळ दिसत नव्हतें.

ह्याच सुमारास आम्हीं त्या मुलास जँगो राइनहार्ट ह्याची गोष्ट सांगितली. १९१० सालीं बेल्जममध्यें जन्मलेला हा भटक्या जमातीचा वादक. १९२८ सालीं त्याच्या राहण्याच्या गाडीस आग लागून त्याचा डावा हात भाजला व अनामिका आणि करंगळी हीं दोन बोटें जवळजवळ निरुपयोगी झालीं. गिटार डाव्या हाताच्या चार बोटांनीं वाजवावयाची असते. त्यानें उरलेल्या दोन बोटांनीं वाजविण्याची रीत नव्यानें बसविली, आणि १९३४ सालापासून पॅरिसमधील आपल्या वाद्यमेळांत असें वादन केलें कीं, चार बोटांचे वादकही त्याची नक्कल करूं लागले. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला व म्हणाला, "म्हणजे त्यानें दुसऱ्यांसारखें वाजवायचें सोडून दिलें." आम्ही ह्या गोष्टीचा 'चिकाटी' असा बोध काढणार होतों. त्यानें काढलेला बोध आमच्यापेक्षां चांगला होता.

गेल्या नाताळांत आम्ही मुलांबरोबर फेरीस निघालों. थंडीनें बोटें आंखडलीं होतीं, आणि वाद्य दर दोन घरांनंतर सुरांतून उतरत होतें. तिसऱ्या घरीं, गीताच्या तिसऱ्या कडव्यांत, आमचें बोट भलत्याच तारेवर पडलें व हात थांबला. मुलें मात्र थांबलीं नाहींत. त्यांनीं ओळ पुरी केली, आणि पुढच्या ओळीच्या आरंभीं आम्ही पुन्हा त्यांस जाऊन मिळालों. साथ आम्ही करावयाची असें ठरलें होतें. त्या क्षणीं ती त्यांनीं आमची केली.

त्याच आठवड्यांत शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमांत लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांतील पाठ त्या मुलानें इंग्रजींत वाचला. सुरिया प्रांताच्या सुभेदाराचें नांव आलें, तेथें तो अडला. सभागृह शांत होतें. आम्हीं ओठांनींसुद्धां त्यास मदत केली नाहीं, कारण करारांत तसें ठरलें होतें. त्यानें श्वास घेतला, तें नांव दोन तुकड्यांत उच्चारलें, आणि तो पुढें गेला. तो वर्गांत पहिला आलेला नाहीं. इंग्रजींत त्याला अजून बेताचेच गुण मिळतात. परंतु नववीच्या वर्गांत, चाळीस मुलांसमोर, आम्हीं त्यास जें म्हटलें होतें तें खोटें होतें, हें आम्हीं दहावीच्या वर्गांत, त्याच चाळीस मुलांसमोर, उभे राहून सांगितलें. तो खालीं पाहत होता; ह्या वेळीं वर्ग हंसला नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, आरंभशूर होण्यास भिऊं नका. आरंभ केल्यावांचून कोणासच कांहीं येत नाहीं, आणि पहिल्या दिवसाचा उत्साह हीही देवाचीच देणगी आहे. मात्र पहिल्या दिवशीं उठतांना दुसऱ्या दिवसाची वेळ ठरवून उठा. काम एवढें लहान घ्या कीं, थकलेल्या संध्याकाळींही तें होईल. आणि जमल्यास अशा एकास सोबत घ्या, ज्यास तुमच्याइतकेंच दुसरें कांहीं अवघड जात आहे.

आमचा एफ् अजून नीट वाजत नाहीं. काल सहा तारांपैकीं चार बोलल्या. वहींत तसें लिहून ठेविलें आहे, आणि आज घंटा झाल्यावर पुन्हा पाहावयाचें आहे.